निहलानींच्या कॅमेऱ्याशेजारी

साठच्या दशकातली मुंबई. स्टुडिओच्या दारातून आत शिरताच दिव्यांची धग तुमच्या अंगावर येते. सेटच्या मधोमध व्ही. के. मूर्ती उभे आहेत, 'कागज के फूल'चे छायाचित्रकार. त्यांनी बोटानं खूण केली की वर फळ्यांवर बसलेला लाइटमन दिवा जरासा वळवतो. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या तरुण सहायकाकडे बघा. गोविंद निहलानी. १९४० साली कराचीत जन्म, फाळणीनंतर कुटुंबाबरोबर उदयपूर, मग बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायाचित्रणाचं शिक्षण. मूर्तीही तिथलेच विद्यार्थी. तुमचं लक्ष नटीच्या उजळलेल्या चेहऱ्यावर आहे. हा तरुण मात्र तिच्या गालावरची सावली कुठे संपते ते बघतो आहे.

१९७१. सत्यदेव दुबे तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा मराठी चित्रपट करताहेत आणि कॅमेरा निहलानींकडे आहे. समोर सुलभा देशपांडेंची बेणारे बाई. कृष्णधवल चौकटीत एक बाई आणि तिच्याभोवती आवळत जाणारी माणसं. दोनेक वर्षांत तुम्ही हैदराबादजवळच्या येल्लारेड्डीगुड्यात पोहोचता. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'चं काम चालू आहे. इथे स्टुडिओच्या भिंती नाहीत, शेतावरचं लख्ख ऊन आहे. 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून' पुढे येतीलच. त्यातल्या 'जुनून'च्या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळेल. तिथे रेंगाळू नका. १९८० गाठा.

'आक्रोश'. पटकथा तेंडुलकरांची. आता दिग्दर्शनही निहलानींचं आणि कॅमेराही त्यांचाच. ओम पुरींचा लहान्या भिकू बोलत नाही. वकील विचारतो, तो गप्प. बायकोच्या खुनाचा आरोप डोक्यावर घेऊन तो बसून राहतो आणि कॅमेरा त्या चेहऱ्यावरून हलत नाही. तुम्हाला मान फिरवावीशी वाटेल. फिरवू नका. बापाच्या चितेपाशी, हातात बेड्या असताना हा माणूस ओरडेल, तेव्हा त्या किंकाळीला एवढी जागा कशामुळे मिळाली, ते तुम्हाला कळलेलं असेल. माझ्या मते मूर्तींकडची सगळी शिकवणी इथे वळण घेते. सावली आता चेहरा सुंदर दिसावा म्हणून पडत नाही.

नंतर ॲटनबरोंच्या 'गांधी'चं काम करताना निहलानी दिल्लीत असतात. पुस्तकांच्या एका दुकानात त्यांच्या हाती भीष्म साहनींची 'तमस' लागते. या कादंबरीची नाळ आपल्याकडे जुळलेली आहे. १९७०च्या दंगलीनंतर साहनी भिवंडीला गेले होते. तिथली जळकी घरं बघताना त्यांना फाळणीच्या दंगलीतली १९४७ची रावळपिंडी आठवली, आणि त्यातून ही कादंबरी उभी राहिली. सातव्या वर्षी घर सुटलेल्या निहलानींना ती परकी वाटली असणं शक्यच नव्हतं.

चला, सेटवर. 'तमस'वरच्या मालिकेचं चित्रीकरण. निहलानी दिग्दर्शक, आणि कॅमेऱ्यामागे मूर्ती! शिष्याच्या मालिकेला गुरू प्रकाश देतो आहे. आपल्या चित्रसृष्टीत असं क्वचितच घडलं असेल. हरनामसिंगच्या वेशात खुद्द भीष्म साहनी आहेत आणि त्याच्या बायकोच्या, बंतोच्या भूमिकेत दीना पाठक. म्हातारं जोडपं जीव मुठीत धरून एका मुसलमान घराच्या आसऱ्याला आलं आहे. सुरेखा सिक्रींची राजो त्यांना घरात घेते. तिच्याच घरातले पुरुष लुटीला गेलेले आहेत, तरीही. जे लिहून काढलं, त्याच भीतीत लेखक आता स्वतः अंग चोरून बसला आहे. दूरदर्शनच्या इवल्या पडद्यासाठी एवढी मेहनत कशाला, असं कुणी म्हणेल. पण थिएटरात माणूस ठरवून जातो. हे दृश्य जेवणाच्या ताटासमोर येणार होतं, कुणालाही न विचारता.

जानेवारी १९८८. मालिका सुरू झाली आणि निदर्शनं, धमक्या, निहलानींना पोलीस संरक्षण. मुंबई उच्च न्यायालयात याचिका, प्रक्षेपणाला स्थगिती. मग न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर एक साधी गोष्ट करतात: निकालाआधी संपूर्ण मालिका बसून बघतात. सुमारे पाच तासांचा ऐवज. स्थगिती उठते. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयही मालिकेच्याच बाजूनं उभं राहतं. ज्यांनी बंदी मागितली त्यांच्यातल्या किती जणांनी एवढा वेळ दिला असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आता उल्हासनगरला या, सिंधी निर्वासितांच्या छावण्यांवर वसलेल्या गावात. कुठल्याही एका घराची कल्पना करा. खोलीत शेजारपाजारचे दाटीवाटीनं बसलेत. पडद्यावर आग दिसताच सून पोरांना बाहेर पिटाळते, मुलगा टीव्ही बंद करायला उठतो. आजोबा त्याचा हात धरतात आणि कराचीतल्या आपल्या गल्लीबद्दल बोलू लागतात. पोरं दारातूनच परत फिरतात, आणि सगळे एकाच वेळी प्रश्न विचारायला लागतात.