निशाणी डावा अंगठा

जुन्या खरेदीखताच्या तळाशी 'निशाणी डावा अंगठा' असं वाचलं की माणूस निरक्षर होता, एवढंच आपण धरून चालतो. पण सरकारी कागदावरच्या या ठशाची कुळी लागते ती चांगल्या लिहित्या माणसापाशी.

जुलै 1858. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल हा तरुण मुलकी अधिकारी रस्ता बांधून घेत होता. खडीचा मक्ता घेतलेल्या राज्यधर कोनाईने करारनामा स्वतःच्या हाताने लिहून दिला. तो सही करणार तेवढ्यात हर्शेलने त्याला थांबवलं, कचेरीच्या शिक्क्याची तेलकट शाई त्याच्या तळव्याला नि बोटांना फासली आणि अख्खा पंजा कराराच्या पाठीवर उमटवून घेतला. पुढे सही नाकारायची त्याची छाती होऊ नये, एवढाच हेतू होता, असं हर्शेलनेच नंतर लिहून ठेवलं आहे. शास्त्र मागाहून आलं. आधी होता अविश्वास.

1877 मध्ये हुगळीला त्याने दस्तनोंदणी, पेन्शन आणि तुरुंगात ठसे सुरू केले. तो तिथून गेला आणि ते मागे पडले. ठसा हजारोंतून शोधायचा कसा, कोर्टाने तो मानायचा का, याची घडीच बसलेली नव्हती.

ती कलकत्त्यात बसली. पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्रीच्या हाताखालच्या अझीझुल हक यांनी वर्गवारी रचली: दहांपैकी कुठल्या बोटांवर चक्र आहे, यावरून 1024 खण. 1897 मध्ये तिथे ठसे कार्यालय निघालं, 1899 मध्ये पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पद्धतीला नाव मात्र हेन्रीचं लागलं. हक आणि त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांच्यावर हा अन्यायच झाला.

ठसा घ्यायचा तो समोरच्याची खातरजमा करायला, आणि डग्लस नॉर्थसारखे संस्थावादी अर्थतज्ज्ञ खातरजमेचा खर्चही व्यवहाराच्या खर्चात धरतात. यंत्र आलं म्हणून तो संपत नाही, पुष्कळदा दुसऱ्याच्या माथी पडतो. ऊस तोडून, भांडी घासून एखाद्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या की रेशन दुकानातलं ओळख पटवणारं ई-पॉस यंत्र ठसा घेत नाही, आणि खेटे त्या बाईला घालावे लागतात. हा खर्च तिच्या माथी मारणं मला मान्य नाही.

केवळ ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारने ऑक्टोबर 2017 मध्ये राज्यांना लेखी कळवलं आहे. तुमच्या ओळखीत कुणाला असं परत पाठवलं असेल, तर त्यांच्यासोबत दुकानात जा आणि वेगळी नोंद करून धान्य द्यायला लावा.