दुबईला घरच्या माणसाला भेटायला जाताय? कधी जावं, काय बघावं, काय टाळावं

विक्रोळीत पार्कसाइट, टागोर नगर, कन्नमवार नगरकडच्या आपल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी आखातात कामाला आहे. कुणाचे अब्बा, कुणाचा भाऊ, कुणाचे दुल्हाभाई. आधी ते सुटीवर इकडे यायचे. आता व्हिजिट व्हिसा काढून घरचेच पंधरा दिवस तिकडे जाऊन येतात. जाण्याआधी लोक आम्हाला विचारतात, ‘बघायला काय काय आहे?’ आमचं म्हणणं असं, की आधी ‘कधी’ विचारा आणि मग ‘काय’. वाळवंटातल्या या शहरात तिकिटापेक्षा ऊन महत्त्वाचं आहे.

कधी जावं

दुबईत वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत २,००० मिलिमीटरच्या वर. म्हणजे तिकडे जवळजवळ रोजच लख्ख ऊन. नोव्हेंबर ते मार्च हवा मस्त असते, संध्याकाळी मुलांना पातळ स्वेटर लागतो. जून ते सप्टेंबर पारा चाळीसच्या पुढे असतो आणि समुद्रामुळे दमटपणाही असतो. तिथल्या सरकारने १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवण्याचा नियमच केला आहे. ज्या उन्हात धट्टाकट्टा कामगार उभा करायचा नाही असं कायदा सांगतो, त्या उन्हात लहान मुलं आणि दादीला घेऊन फिरायचं नाही, एवढं साधं गणित आहे.

अडचण अशी की आपल्याकडे शाळेला मोठी सुटी मे महिन्यात. तोपर्यंत तिकडे उन्हाळा सुरू झालेला असतो. फुलांची मिरॅकल गार्डन उन्हाळ्यात बंद असते. वेगवेगळ्या देशांची दालनं असलेलं ग्लोबल व्हिलेज ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतं आणि उन्हाळ्याआधी गुंडाळलं जातं. म्हणून जमत असेल तर दिवाळीची किंवा नाताळची सुटी पकडा. विमानाचं तिकीट थोडं महाग पडेल, पण ट्रिप वाया जाणार नाही. मेमध्येच जावं लागलं, तर सकाळी नऊच्या आत आणि मगरिबनंतर बाहेर पडा. दुपार घरात किंवा मॉलमध्ये काढा.

कमी पैशांत काय बघावं

सुरुवात जुन्या दुबईपासून करा. बर दुबई आणि देरा यांच्या मधून खाडी जाते. ती ओलांडायला ‘अब्रा’ नावाची लाकडी होडी आहे, भाडं माणशी १ दिरहम. पलीकडे उतरलात की मसाल्याचा बाजार आणि सोन्याचा बाजार. अलीकडे अल फहिदीची जुनी वस्ती. तिथल्या घरांवर चौकोनी मनोरे दिसतील, त्यांना ‘बरजील’ म्हणतात. चारही बाजूंनी वारा पकडून तो खाली खोलीत सोडायचा, ही वीज नसतानाची वातानुकूलन यंत्रणा. जवळच्या फहिदी किल्ल्याचं बांधकाम १७८७ चं. जुन्या लोकांना आठवत असेल, १९६६ पर्यंत या भागात भारतीय रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपयाच चालायचा. आपलं नातं नोकरीच्या आधीपासूनचं आहे, हे मुलांना तिथेच उभं राहून सांगा.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच, ४ जानेवारी २०१० ला खुला झाला. वर जायचं तिकीट मोठ्या कुटुंबाला जड जातं, आणि सूर्यास्ताच्या वेळेचं तर जास्तच. पण खालून बघायला पैसे नाहीत. समोरच्या तळ्यातले संध्याकाळचे नाचणारे कारंजेही फुकट. एक गोष्ट मुलांना नक्की आवडेल. वरच्या मजल्यांवर सूर्य उशिरापर्यंत दिसतो. म्हणून ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा आणि १५० च्या वरच्यांनी तीन मिनिटं उशिरा सोडावा, असं तिथल्या उलेमांनी २०११ मध्ये सांगितलं होतं.

रास अल खोर ही खाडीच्या टोकाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगोंचे थवे उतरतात आणि आडोशाच्या खोपीतून ते बघता येतात. विक्रोळीकरांना हा पक्षी नवा नाही, आपल्या कांदळवनामागे ठाणे खाडीत तो येतोच. २० मे २०२४ च्या रात्री दुबईहून येणाऱ्या विमानाची धडक बसून घाटकोपरला जवळपास चाळीस फ्लेमिंगो मेले होते, ते अनेकांना आठवत असेल. दोन्ही खाड्या आज रामसर यादीत आहेत. तिकडची २००७ पासून, आपली २०२२ पासून.

खेळ आणि व्यायाम

क्रिकेटवेड्या घराने शारजा चुकवू नये. दुबईला लागूनच आहे. १९८४ चा पहिला आशिया चषक भारताने इथेच जिंकला. १९८६ मध्ये मियांदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला तो इथेच, आणि एप्रिल १९९८ मध्ये वाळूच्या वादळानंतर सचिनने १४३ केल्या त्याही इथेच. दुबईच्या स्टेडियमवर भारताने ९ मार्च २०२५ ला चॅम्पियन्स ट्रॉफी आणि २८ सप्टेंबर २०२५ ला आशिया चषक जिंकला. पण खरं क्रिकेट बघायचं तर सुटीच्या दिवशी पहाटे रिकाम्या प्लॉटवर जा. ऊन चढायच्या आत डाव संपवायचा म्हणून मुलं फजरनंतर लगेच उतरलेली असतात.

अल मरमूमला हिवाळ्यात सकाळी उंटांच्या शर्यती असतात. पूर्वी पाठीवर लहान मुलं बसवत. २००५ पासून तिथे छोटे रोबोट बसतात. अल कुद्राला वाळवंटातून ८० किलोमीटरहून लांब सायकल ट्रॅक आहे. काइट बीचवर धावायला मऊ पट्टी आहे. रात्री पोहण्यासाठी २०२३ पासून जुमेराच्या काही किनाऱ्यांवर दिवे लावले आहेत. ममजारच्या पार्कमध्ये ठरावीक दिवस फक्त बायका आणि मुलांसाठी असतात, वार आधी विचारून घ्या.

डेझर्ट सफारीला गाडी वाळूच्या टेकड्यांवरून जोरात आदळते. गरोदर बाई, कंबरदुखी किंवा हृदयाचा त्रास असलेला माणूस आणि तान्हं मूल यांना गाडीत बसवू नका. काही कॅम्पमध्ये दारू आणि नाच असतो, म्हणून बुकिंग करतानाच ‘फॅमिली कॅम्प आहे का’ हे स्पष्ट विचारा.

हे लक्षात ठेवा

- मेट्रोत बायका-मुलांसाठी वेगळा डबा आहे. साध्या नोल कार्डवर गोल्ड डब्यात चढलात किंवा डब्यात काही खाल्लंत, तर १०० दिरहम दंड.
- नमाजची जागा प्रत्येक मॉलमध्ये असते, बायकांची वेगळी.
- अनोळखी माणसांचे, खास करून बायकांचे फोटो काढू नका.
- परवान्याशिवाय चंदा गोळा करणं तिथे गुन्हा आहे. मशिदीसाठी असो की मदरशासाठी, व्हॉट्सअॅपवरूनही नको.
- कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल आधी परवानगी काढल्याशिवाय नेऊ नका.
- व्हिसाची मुदत संपली की रोज ५० दिरहम दंड.

शेवटची गोष्ट

ज्याला भेटायला आपण जातो, त्याला बहुतेक वेळा आठवड्यात एकच सुटी असते. तोच दिवस लोक मॉलच्या खरेदीत घालवतात. तो पिशव्या उचलत मागे मागे चालतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कामावर. वर्षानुवर्षं तिथे राहून अब्रात किंवा बुर्जखाली एकदाही निवांत न बसलेली माणसं आम्हाला भेटली आहेत. एकट्याने जायचं मन होत नाही, म्हणतात.

म्हणून खरेदी आणि मेट्रोचं फिरणं तुम्ही कामाच्या दिवशी स्वतः उरका. त्याच्या सुटीला त्याला सकाळी झोपू द्या. असरनंतर डबा बांधून सगळे मिळून खाडीवर जा, अब्राने पलीकडे उतरा, मगरिब तिथेच पढा आणि काठावर बसून जेवा. खर्च माणशी दोन-चार दिरहम. बाकी सगळं पुढच्या वेळी बघता येईल, इन्शाअल्लाह.