सुट्टीची सनद

मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्याच्या हद्दीत पाऊल टाकले, म्हणजे डाव्या हाताला येऊरच्या डोंगरांच्या दिशेने पसरत गेलेली जी औद्योगिक वसाहत लागते, तिला सारा ठाणे जिल्हा वागळे इस्टेट या नावाने ओळखतो. जिच्या अनेक रस्त्यांना संतांची वा पुढाऱ्यांची नावे नसून रोड नंबर १६, रोड नंबर २२ असे नुसते अनुक्रमांक आहेत, आणि जिथे एके काळी लेथ, प्रेस व भट्ट्या यांचाच नाद दिवसभर घुमत असे, त्या या वसाहतीत आज सकाळच्या वेळी एक निराळी वर्दळ दिसते. तरुण आईबाप, त्यांच्या कडेवर बसलेली किंवा बोट धरून चालणारी दोन-चार वर्षांची मुले आणि हातात जन्मदाखल्यांच्या फायली, अशी कुटुंबे येथील पासपोर्ट सेवा केंद्राच्या दाराशी आपल्या नेमून दिलेल्या वेळेची वाट पाहत उभी असतात. त्यांतील कित्येकांचा मनोदय सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर किंवा हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये मुलांना नेण्याचा असतो.

ही गोष्ट आता इतकी नित्याची झाली आहे, की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु ज्या घरातील आजोबा रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातून एक वळकटी घेऊन या कारखान्यांत कामाला आले, त्याच घरातील नातवंड साडेपाच तासांचा विमानप्रवास करून परक्या देशातील क्रीडानगरीत जाऊन येते, या घटनेच्या मुळाशी तीन पिढ्यांचे कष्ट आहेत. तो इतिहास पाळण्यांचा आणि यंत्रांचा जितका आहे, त्याहून अधिक तो मुभेचा आहे. मुलांना घेऊन केवळ आनंदासाठी घराबाहेर पडावयाचे, तर त्यासाठी दिवस कोणी द्यावयाचा, पैसा कोठून यावयाचा आणि सीमा ओलांडण्याची परवानगी कोणाच्या कचेरीत मागावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे जसजशी बदलत गेली, तसतशी मुलांची सहलही बदलत गेली.

यांपैकी दिवस देण्याचा अधिकार प्रथम देवाकडे होता. ठाणे-कल्याणच्या मुलुखात माघी पौर्णिमेला मलंगगडावर यात्रा भरते, शके ९८२ च्या शिलालेखामुळे ज्याचा काळ निश्चित झाला आहे त्या अंबरनाथच्या शिवालयाभोवती महाशिवरात्रीला जत्रा भरते, आणि कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर नवरात्रात दुकानांची व पाळण्यांची रांग लागते. पंचांगाने तिथी नेमून दिली, की शेतकरी, कोळी, विणकर, व्यापारी सारेच आपापल्या लेकरांसह निघत. दर्शन हे प्रयोजन खरेच होते; पण त्याच्या आश्रयाने लाकडी आकाशपाळणा, पिपाण्या, भिंगऱ्या, रेवड्या आणि गोडी शेव यांचा जो संसार उभा राही, तो मुलांच्या दृष्टीने जत्रेचा प्राण होता. तेथे बालकांसाठी निराळे दालन नव्हते आणि निराळे तिकीटही नव्हते. बापाच्या खांद्यावर बसून जे दिसेल ते त्याचे, आणि मूल पाळण्यात बसले तर शेजारी बापही बसलेला, असा तो प्रकार होता. मोठी माणसे आणि लहान मुले एकाच आनंदाची भागीदार असत, हे जत्रेचे वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

युरोप-अमेरिकेत मात्र निराळा क्रम घडत होता. व्हिएन्नाचे प्राटर हे राजघराण्याचे शिकारीचे रान १७६६ साली सर्व प्रजेला खुले झाले. कोपनहेगनचे टिव्होली उद्यान १८४३ साली उघडले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात फेरिस नामक अभियंत्याने २६४ फूट उंचीचे फिरते चक्र उभारले. या परंपरेचा परिपाक म्हणजे १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे उघडलेले डिस्नेलँड होय. आपल्या मुली बागेतील फिरत्या घोड्यांवर बसलेल्या असताना आपल्याला मात्र बाकावर नुसते बसून राहावे लागते, तेव्हा मुले व आईबाप यांनी मिळून रमावे असे एखादे स्थळ का असू नये, असा विचार वॉल्ट डिस्ने यांच्या मनात आला आणि त्यातून हा उपक्रम निघाला. अमेरिकेतील एका कल्पक माणसाला जी उणीव जाणवली, ती मलंगगडाच्या यात्रेकरूला जाणवण्याचे कारणच नव्हते. मात्र डिस्ने यांनी आनंदाचा दिवस पंचांगाच्या हातून काढून घेतला आणि तो वर्षभर उपलब्ध करून दिला, हे त्यांचे कार्य खरोखर मोठे होते.

अशा दूरदेशी मुलांना न्यावयाचे, तर आपल्या समाजात समुद्रगमनाचा निषेध आडवा येत होता. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना या निषेधाला उघडपणे तोंड द्यावे लागले. त्याच वर्षी पंडिता रमाबाई आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. मराठी घरातील अजाण बालक आईबरोबर समुद्रापार गेल्याचे हे एक फार जुने उदाहरण म्हणावे लागेल. परंतु तो प्रवास विद्येसाठी होता. निव्वळ मौजेखातर लेकरांना परदेशी न्यावे, ही कल्पना त्या काळच्या कोणाही मराठी गृहस्थाच्या मनाला शिवली नसती, आणि ती शिवण्यास पुढे जवळजवळ १०० वर्षे जावी लागली.

ती वर्षे सरत असता आपल्या इतिहासाचा मधला दुवा वागळे इस्टेटमध्ये तयार झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर बोरकर समितीच्या शिफारशींवरून १ ऑक्टोबर १९६० रोजी औद्योगिक विकास मंडळ नेमले गेले, त्या मंडळाने सिद्ध केलेल्या मसुद्यावरून कायदा झाला, आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी सकाळी साडेनऊ वाजता मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली वागळे इस्टेट येथे झालेल्या एका छोटेखानी समारंभात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. ज्या संस्थेने पुढे सबंध राज्यात कारखान्यांच्या वसाहती वसवल्या, तिचे जातकर्म या भूमीवर झाले. कोकणातून आणि घाटावरून तरुण आले, किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर अशा वस्त्यांतून त्यांचे संसार उभे राहिले, आणि पाळ्यांच्या भोंग्याने त्यांच्या घरांचे घड्याळ ठरवले.

या नव्या जीवनात सुट्टी देण्याचा अधिकार देवाकडून कायद्याकडे आला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा ठरवला आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. १९४८ च्याच राज्य कामगार विमा अधिनियमाने आजारपणाची तरतूद केली, आणि १९६५ च्या बोनस अधिनियमाने दिवाळीच्या सुमारास हाती पडणाऱ्या रकमेला मालकाच्या मर्जीतून सोडवून हक्काचे स्थान दिले. हे कायदे रुक्ष भाषेत लिहिलेले आहेत, परंतु मुलांच्या आनंदाच्या दृष्टीने पाहता त्यांच्याइतका सहृदय दस्तऐवज मला दुसरा माहीत नाही. रात्रपाळीहून आलेला बाप सकाळी झोपी जाई तेव्हा मूल शाळेला निघालेले असे, आणि ते परते तेव्हा त्याची कामावर जाण्याची तयारी चाललेली असे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत तर साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि शाळेची सुट्टी रविवारी, अशी बापलेकांची ताटातूट कित्येक घरांनी वर्षानुवर्षे सोसली. अशा संसारात भरपगारी रजेचा एक दिवस मिळाला आणि खिशात बोनस असला, म्हणजे जे घडे त्याचे मोल केवढे असेल! मग भायखळ्याची राणीची बाग होई, मलबार टेकडीवरील १९५२ सालच्या कमला नेहरू उद्यानातील म्हातारीच्या बुटात मुले शिरून येत, आणि तेही न साधले तर मासुंद्याच्या तलावपाळीवर किंवा उपवनच्या काठी भेळ खाऊन संध्याकाळ साजरी होई.

परदेशाचा विचार त्या पिढीला का शिवला नाही, याची कारणे केवळ दारिद्र्यात नव्हती. पासपोर्ट देणे न देणे ही बाब १९६७ पर्यंत सरकारच्या मर्जीवर अवलंबून होती. सतवंतसिंग साहनी यांच्या दाव्यात परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्ट अधिनियम अस्तित्वात आला. त्याहीपुढे परकीय चलनाचा अडसर होता. प्रवासाच्या तिकिटासाठीसुद्धा रिझर्व्ह बँकेच्या संमतीचा पी फॉर्म लागत असे, आणि बरोबर न्यावयाचे चलन इतके अल्प असे, की परदेशी सगासोयरा असल्यावाचून सामान्य माणसाने निघू नये. या वसाहतीतील जे कारागीर आखाती देशांत गेले, ते एकटेच गेले. मुले मागे राहिली आणि बापाच्या पत्रांवर वाढली.

पुढील बदल आपल्या घराजवळून सुरू झाला. दिल्लीत १९८४ साली अप्पूघर उघडले, आणि १९८९ साली गोराईच्या खाडीपलीकडे एस्सेलवर्ल्ड उभे राहिले. बोरिवली गाठून, खाडी होडीने ओलांडून मुलांसह तेथे पोहोचणे, हा ठाणेकरांच्या घराघरांत मोठा बेत ठरला. घोडबंदर रस्त्यावरील सूरज वॉटर पार्क आणि मानपाड्याची टिकुजिनीवाडी यांनी तोच आनंद ठाण्याच्या उंबरठ्यावर आणला, आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उघडल्यावर पाश्चात्त्य धर्तीची क्रीडानगरी महाराष्ट्रातच अवतरली. परंतु याच काळात वागळे इस्टेटमधील अनेक कारखान्यांचे भोंगे थांबले, आणि त्यांच्या भूखंडांवर संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्यांचे बाप यंत्रांपाशी उभे राहून झिजले, त्यांची मुले शिकून अशाच इमारतींत कामाला बसली. आजच्या परदेशवारीचा पैसा पुष्कळ अंशी या स्थित्यंतरातून आला आहे, आणि त्या स्थित्यंतराची किंमत नोकरी गमावलेल्या कामगारांनी मोजली आहे, हे विसरता येत नाही.

१९९१ नंतर आर्थिक धोरण पालटले. परकीय चलनाचा नवा कायदा जून २००० मध्ये अमलात आला, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निवासी भारतीयास वर्षाकाठी २५,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मुभा दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. मधल्या काळात केसरी पाटील यांनी १९८४ साली स्थापलेल्या केसरी टूर्ससारख्या मराठी प्रवाससंस्थांनी, आणि २०१३ पासून वीणा पाटील यांच्या वीणा वर्ल्डने, परदेशाची धास्ती घेणाऱ्या मध्यमवर्गाला हात दिला. बरोबर मराठी बोलणारा माणूस आहे आणि रात्री पानात वरणभात पडणार आहे, या दोन आश्वासनांनी आजीआजोबांसह सबंध कुटुंबे विमानात बसली. सिंगापूर, मलेशिया व थायलंड ही यात्रा रूढ झाली. हाँगकाँगचे डिस्नेलँड २००५ मध्ये आणि सेंटोसावरील युनिव्हर्सल स्टुडिओज २०१० मध्ये उघडल्यावर मुलेच या प्रवासाची प्रधान पात्रे झाली.

पूर्वी लेकरांची नावे आईच्या किंवा बापाच्या पासपोर्टात लिहिली जात. आता तान्ह्या बालकालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आईबापांचे संमतीचे घोषणापत्र लागते, आणि चार वर्षांखालील मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरील फोटो घरूनच आणावा लागतो. क्रीडानगरीत पोहोचल्यावर प्रत्येक वेगवान पाळण्यापाशी उंचीची पट्टी उभी असते, आणि तीन वर्षांचे मूल तेथून परत फिरवले जाते. अशा बालकांसाठी जे उरते त्यात डिस्नेलँडमधील, १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी युनिसेफच्या साहाय्यार्थ रचलेला, नावेत बसून देशोदेशींच्या बाहुल्या पाहण्याचा संथ खेळ मला सर्वांत सरस वाटतो. तेथे उंचीची अट नाही. बापाने मुलाला मांडीवर घ्यावे आणि दोघांनी एकच दृश्य पाहावे, ही जत्रेची जुनी रीत त्यात टिकून आहे.

आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार तेथेच आहे. अंतर वाढले, खर्च वाढला, परवाने बदलले. परंतु मुलाला हवा असतो तो आईबापाचा कामातून मोकळा झालेला संपूर्ण दिवस, आणि तो दिवस कोणालाही आपोआप लाभलेला नाही. तो कायद्याने मिळाला, आणि त्या कायद्यामागे संघटित कामगारांचा दीर्घ झगडा होता. आज याच वसाहतीत पहारा देणारे, सामान वाहणारे, इमारती झाडणारे हजारो स्त्रीपुरुष कंत्राटावर राबतात. कागदावर त्यांना रजेचा हक्क असला, तरी एक दिवस घरी राहिले तर त्या दिवसाची मजुरी बुडते, हा त्यांतील बहुतेकांचा अनुभव आहे. त्यांच्या मुलांना सेंटोसा नको. उपवनाच्या काठची एक निवांत संध्याकाळ हवी आहे. ज्यांच्या आजोबांना या भूमीवर भरपगारी रजेची सनद मिळाली आणि त्या सनदेच्या बळावर जे आज समुद्रापार जाऊन येतात, त्यांनी आपल्या कंपनीच्या दारातील कंत्राटी माणसाला ती रजा पगारासह मिळते की नाही, याची विचारपूस करावी, आणि मिळत नसल्यास आपल्या वरिष्ठांपाशी त्याच्या बाजूने बोलावे. या वसाहतीच्या इतिहासाने आपल्यावर ठेवलेले हे ऋण आहे, आणि ते फेडणे आपल्या आवाक्यातले आहे.