मेलेले बी साक्ष देत नाही

बियाण्याची पिशवी घेताना आपण तिच्यावरचा उगवणशक्तीचा आकडा क्वचितच वाचतो. या आकड्यामागे जुनी लबाडी आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शेतकरी गवत, सलगम, क्लोव्हर (आपल्या बरसीमचे भाऊबंद) अशा चारापिकांचे बी पोत्यांनी विकत घेत. इतके बारीक बी पारखणार कोण? इंग्लंडमधील काही व्यापारी हलके बी उष्णता देऊन मारीत व चांगल्यात मिसळीत. मुद्दाम मारायचे कशाला? तर शेतात भलतेच रोप उगवले की चोरी उघड होते; मेलेले बी मात्र गप्प राहते! अखेर १८६९ साली तेथे बी मारून वा रंगवून विकण्याविरुद्ध कायदा झाला.

त्याच वर्षी जर्मनीत थारांट येथे फ्रीडरिख नोबे यांनी बीजपरीक्षण केंद्र काढले. क्लोव्हरच्या बियांत रंगवलेली गारगोटीची वाळूही मिसळली जाई, हे त्यांनी नोंदवले. त्यांची रीत सोपी होती: नमुन्यातील खरे बी निवडायचे, मोजून ओलाव्यात ठेवायचे, कोंब मोजायचे. वर्गात टीपकागदावर हे सहज जमते. शुद्धता ८० टक्के आणि उगवण ७० टक्के निघाली, तर १०० किलोच्या पोत्यात कामाचे बी ५६ किलोच. पैसे मात्र शंभराचे.

आपल्याकडे बियाणे कायदा आला १९६६ साली.