परवडणारे घर : आधी जागेचा प्रश्न



आजचा विषय आहे, शहर आपल्या गरिबांच्या घरांची तरतूद कशी करते. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, नगररचना नाही. त्यामुळे जुन्या सवयीनं आधी शब्दच तपासू या. 'परवडणारे घर' म्हणतात, ते कोणाला परवडणारे? घर म्हणजे विटा, सिमेंट, लोखंड, मजुरी आणि जागा. पहिल्या चारांचा भाव यवतमाळात आणि मुंबईत थोडाफार वेगळा असेल. जागेच्या भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. गरिबांच्या घराचा प्रश्न हा मुळात बांधकामाचा नसून जागेचा आहे, आणि इतिहासात जिथे जिथे हे विसरलं गेलं तिथे तिथे योजना फसली आहे.

ही गोष्ट नवी नाही. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स' या ग्रंथात हिप्पोडेमस नावाच्या नगररचनाकाराची दखल घेतली आहे. या गृहस्थाने दहा हजार लोकांचं आदर्श नगर कल्पिलं. त्यात कारागीर, शेतकरी आणि सैनिक असे तीन वर्ग केले. जमिनीचेही तीन भाग केले : देवाची, सार्वजनिक आणि खाजगी. ॲरिस्टॉटलचा आक्षेप बघा. शेतकऱ्याकडे शस्त्र नाही, कारागिराकडे शस्त्रही नाही आणि जमीनही नाही, मग तो नागरिक कसला? तो शस्त्रवाल्यांचा जवळजवळ गुलामच. नकाशा सुबक होता, पण काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यात जमीनच नव्हती. आज शस्त्राचा प्रश्न सोडून द्या. जमिनीचा तसाच आहे.

आता आपल्याकडे येऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीतून रोग पसरतो म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद झाले, हवा खेळती झाली, यात शंका नाही. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत. उठवलेला माणूस गावाला परत गेला नाही. तो शेजारच्या चाळीत, आणखी दाटीत शिरला.

मग १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून बीडीडी चाळी. या हकिगतीत आपल्या वऱ्हाडचाही धागा आहे. या खात्याच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला गेला. त्या काळात यवतमाळचा कापूस छोट्या रेल्वेने, आपल्या शकुंतलेने, मूर्तिजापूरला जायचा आणि तिथून मोठ्या गाडीने पुढे. म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगाराच्या खोलीत आपल्या काळ्या जमिनीचाही वाटा आहे. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. झाल्या २०७ चाळी, सुमारे साडेसोळा हजार खोल्या. आणि त्यातल्याही कितीतरी सुरुवातीला रिकाम्या राहिल्या, कारण कामगाराच्या पगाराला ते भाडं झेपत नव्हतं. घर बांधून झालं, पण ज्याच्यासाठी बांधलं त्याचा खिसा कोणी पाहिला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर कायदे पुष्कळ झाले. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आला. त्यानुसार प्रत्येक शहराचा विकास आराखडा तयार होतो आणि त्यात शाळा, बाग, दवाखाना, दुर्बल घटकांची घरं यांसाठी जागा आरक्षित करता येते. १९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाली. कागदावर बरंच आलं. पण याच कायद्यात कलम १२७ आहे. आरक्षित जागा दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप उठतं. मालकाच्या बाजूने हे न्याय्यच आहे. कोणाची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण नगरपालिकेच्या तिजोरीत संपादनाला पैसा नसेल, तर गरिबांसाठी नकाशावर रंगवलेला तुकडा नकाशावरच राहतो.

मग काहीच जमलं नाही का? जमलं, आणि जिथे जमलं तिथे जागेपासून सुरुवात झाली. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने मुंबईच्या चारकोप-गोराई भागात तयार घरं न देता छोटे भूखंड दिले गेले, पाणी, गटार, रस्ता यांसह. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवत नेलं. आज त्या भरभक्कम वसाहती आहेत. दुसरं उदाहरण सोलापूरचं. कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांनी सहकारी संस्था करून, वर्गणी काढून जमीन घेतली आणि त्यावर गोदूताई परुळेकर वसाहतीतली सुमारे दहा हजार घरं २००६ मध्ये उभी राहिली. तिथेच पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आखलं गेलं, त्यातली पहिली पंधरा हजार २०२४ मध्ये दिली गेली. सरकारी अनुदान दोन्हीकडे होतं, पण जमीन आधी हातात होती.

आता यवतमाळ. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार. त्यानंतर वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा, पिंपळगाव ही लगतची गावं हद्दीत आली. गाव शहर होत असताना काय होतं, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. शेताचा ले-आऊट पडतो, प्लॉट विकले जातात, रस्ता आणि नळ मागून येतो, कधी येतच नाही. आणि त्या प्लॉटवर विटा वाहणारी बाई कुठे राहते? नझूलच्या जागेवर, ई-क्लासच्या तुकड्यावर, नाल्याच्या काठाला किंवा कोणाच्या मागच्या खोलीत भाड्याने.

२०१५ ला प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्या ज्या घटकातून देशात सर्वाधिक घरं मंजूर झाली, तो 'स्वतःच्या जागेवर घर बांधा' हा. शहरी भागात त्यासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. चांगली गोष्ट. पण अट काय? जागा तुमच्या नावावर हवी. म्हणजे ज्याच्याकडे जागा आहे त्याला घर, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही तो रांगेबाहेर! शासनालाही हे कळलं. म्हणून २०१८ मध्ये निर्णय निघाला की, १ जानेवारी २०११ पूर्वीपासून शासकीय जागेवर राहणाऱ्या पात्र कुटुंबांना पट्टे द्यावेत. पण पट्टा द्यायला मोजणी हवी, मोजणीला माणसं हवीत, पुरावा हवा. आणि भाडेकरू? तो या हिशेबात कुठेच नाही.

आणखी एक नियम सांगतो. मोठ्या ले-आऊटमध्ये वीस टक्के क्षेत्र दुर्बल व अल्प उत्पन्न गटाच्या लहान भूखंडांसाठी ठेवण्याची सक्ती राज्यात आहे, पण दहा लाखांवरच्या महानगरपालिकांत. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड यांना ती लागू नाही. जिथे जमीन आवाक्याबाहेर गेली तिथे सक्ती, आणि जिथे ती अजून आवाक्यात आहे तिथे मोकळीक! आम्हाला हे उलटं वाटतं.

म्हणून नगरपालिकेने काय करावं? आधी मोजावं : किती कुटुंबं भाड्याने राहतात, किती शासकीय जागेवर, महिन्याला किती देऊ शकतात. दुसरं, हद्दवाढीच्या भागात शासकीय जमिनी आजच लहान भूखंडांसाठी राखाव्यात, आणि त्याही कामाच्या ठिकाणापासून दहा मैल दूर नव्हे. तिसरं, पाण्याचा विचार त्याच आराखड्यात हवा. निळोणा आणि चापडोह आटले की या शहराचं काय होतं, ते २०१८ च्या उन्हाळ्याने दाखवलंच आहे.

कोणी म्हणेल, एवढा पैसा कुठून आणायचा? आम्ही म्हणतो, आज एकर ठेवायला जे लागेल, त्यात वीस वर्षांनी कदाचित गुंठाही येणार नाही. पुढचा आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. प्लॉटवाले आपापला गट नंबर बघायला हमखास जातात. या सभागृहातल्या चार जणांनी तरी, ज्यांच्या नावावर गट नंबर नाही त्यांच्यासाठी तो नकाशा बघायला जावं, एवढंच मागणं आहे.