टपालाच्या थैलीतून विद्यापीठ

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? दगडी इमारत, तिचा मनोरा, आणि तिथे शिकण्यासाठी ट्रंक घेऊन गाव सोडून निघालेला मुलगा. मुलाने विद्यापीठाकडे जायचे, ही रीत आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की दुसरे काही सुचतच नाही. पण उलट करायचे ठरवले तर? विद्यापीठानेच उठून मुलाच्या गावी जायचे म्हटले तर? असे म्हणणारी, आणि नुसते म्हणून न थांबता करून पाहणारी माणसे अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेली. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. खेड्यातल्या शिक्षकांनी ती जरा कान देऊन ऐकावी. कारण या सबंध उद्योगात ज्या माणसावाचून अडले, तो विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता.

अमेरिकेच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या पश्चिमेस विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. हिवाळ्यात तिथे महिनेच्या महिने बर्फ पडून राहते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हा प्रदेश गव्हासाठी प्रसिद्ध होता. पण वर्षानुवर्षे तेच पीक घेऊन जमिनीचा कस गेला, किडीने पीक खाल्ले, आणि शेतकऱ्याला दुसरे काही शोधणे भाग पडले. तो गाईंकडे वळला. आता गाय पाळणे वेगळे आणि दुधाचा धंदा करणे वेगळे. वैरण कोणती, हिवाळ्यासाठी ती साठवायची कशी, लोणी-चीज टिकवायचे कसे, हे त्याला कोणी सांगायचे? मॅडिसन या राजधानीच्या गावी विद्यापीठ होते, १८४८ साली स्थापन झालेले. तिथल्या शेतकी विभागाने हे काम अंगावर घेतले. १८८५ च्या सुमारास गावोगाव शेतकऱ्यांचे मेळावे भरू लागले, आणि शेतीची कामे थंडावतात त्या हिवाळ्यात तरुणांसाठी छोटा अभ्यासक्रम सुरू झाला.

याच विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. दुधातली स्निग्धता मोजण्याची एक सोपी रीत त्यांनी १८९० साली काढली. तोवर दुधाचा पैसा वजनावर मिळे. म्हणजे दुधात पाणी घालणाराचे बरे चाले आणि सचोटीने दूध घालणारा मागे राही. बॅबकॉक यांच्या नळीने हा प्रकार उघडा पाडला. त्यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही, तो सर्वांना मोकळा ठेवला. आज आपल्याकडेही डेअरीवर फॅट पाहून भाव ठरतो. त्या व्यवहाराचे एक मूळ मॅडिसनच्या प्रयोगशाळेत आहे, बरं का! विद्यापीठाची विद्या आपल्या घागरीपर्यंत येऊ शकते, हे तिथल्या शेतकऱ्याला आधी दुधातून कळले. पुस्तके मागाहून आली.

१९०३ साली चार्ल्स व्हॅन हाइस हे भूगर्भशास्त्रज्ञ या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. ते याच राज्यात जन्मले आणि याच विद्यापीठात शिकले. राज्यातल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत विद्यापीठाचा उपयोग पोचेपर्यंत आपले समाधान होणार नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. आता अशी वाक्ये समारंभांतून पुष्कळ ऐकू येतात, आणि टाळ्यांबरोबर विरून जातात. इथे तसे झाले नाही, त्याला कारणे होती. राज्यातले हजारो कामकरी आणि शेतकरी खाजगी पत्रशाळांना पैसे भरून टपालाने शिकतच होते. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रॅन्टन गावची एक कंपनी १८९१ पासून या धंद्यात होती, खाणकामगारांना धडे पाठवण्यापासून तिची सुरुवात झाली. विधिमंडळाच्या ग्रंथालयातले चार्ल्स मॅकार्थी यांनी हे हेरले. लोक शिकायला तयार आहेत, पदरचे पैसेही मोजत आहेत, आणि त्यांच्याच करावर चालणारे विद्यापीठ गप्प बसले आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मला स्वतःला अध्यक्षांच्या भाषणापेक्षा मॅकार्थी यांचा हा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९०६ साली विल्यम लाइटी यांना पत्रद्वारा शिक्षणाची घडी बसवण्यासाठी आणले. १९०७ साली लुई रेबर बहिःशाल विभागाचे प्रमुख झाले आणि विधिमंडळाने त्या विभागासाठी २० हजार डॉलर मंजूर केले. ही कल्पना अगदीच नवी होती असे नव्हे. शिकागो विद्यापीठाने १८९२ सालीच पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले होते. तिथले अध्यक्ष विल्यम हार्पर हे तर त्याआधीपासून टपालाने हिब्रू भाषा शिकवीत असत. विस्कॉन्सिनचे वेगळेपण एवढेच की तिथे हा खर्च सरकारी तिजोरीतून झाला, आणि डोळ्यांसमोर होता तो गिरणीतला कामगार, शेतकरी आणि खेड्यातली शाळा.

हे चाले कसे? अभ्यासक्रमाचे धडे पाडलेले असत. एक धडा टपालाने घरी येई. सोबत काय वाचायचे, काय करून पाहायचे, कोणत्या प्रश्नांची उत्तरे लिहायची, ते असे. विद्यार्थ्याने उत्तरे लिहून मॅडिसनला पाठवायची. तिथला शिक्षक ती तपासून, समासात चार ओळी लिहून परत धाडी, मग पुढचा धडा. सोपे वाटते ना? पण याला मुळात टपाल घरी यावे लागते. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला पूर्वी पत्रासाठी गाडी जोडून पोस्ट असलेल्या गावी जावे लागे. १८९६ पासून खेड्यापाड्यांत टपाल घरपोच देण्याचा प्रयोग सुरू झाला. १९१३ च्या जानेवारीपासून पोस्टाने पार्सलेही जाऊ लागली. शिक्षणाच्या इतिहासात आपण थोरामोठ्यांची नावे घेतो. पण हिवाळ्याच्या रस्त्याने थैली घेऊन जाणाऱ्या त्या टपालवाल्याचे नाव कोणी घेत नाही.

टपालाने आणखी एक वस्तू जाई, ती मला फार आवडते. तिला आपण गाठोडे-ग्रंथालय म्हणू या. एखाद्या हायस्कुलात वादविवाद ठरला, किंवा गावातल्या मंडळाला एखाद्या प्रश्नावर चर्चा करायची आहे, पण गावात वाचनालय नाही. मग शिक्षकाने विद्यापीठाला पत्र टाकायचे. तिथून त्या विषयावरची कात्रणे, पुस्तिका, दोन्ही बाजूंची मते अशी पुडकी बांधून येत. वापर झाला की परत करायची. गावाला मत काय असावे हे विद्यापीठ सांगत नसे. मत बनवायला लागणारा मालमसाला तेवढा पुरवी.

इथपर्यंत सारे छान. पण या पद्धतीला एक खोड होती, आणि ती जिथे जिथे पत्रद्वारा शिक्षण गेले तिथे तिथे दिसली. पहिले दोन-तीन धडे उत्साहात होतात. मग एक धडा अडतो. विचारायचे कोणाला? पत्र लिहिले तर उत्तर यायला आठवडा. दिवसभराच्या कामाने अंग मोडलेले, दिव्याखाली एकटे बसायचे, आणि आपले चुकते की बरोबर आहे हे सांगणारे जवळ कोणी नाही. धडे पडून राहतात. अशी अर्ध्यावर राहिलेली माणसे पुष्कळ. पैसे आगाऊ घेऊन मोकळ्या झालेल्या खाजगी कंपन्यांना त्याची फारशी फिकीर नव्हती. विद्यापीठाला करावी लागली. त्यात १९३० साली अब्राहम फ्लेक्सनर या नामांकित टीकाकाराने अमेरिकन विद्यापीठांवर कोरडे ओढले. घरबसल्या शिक्षणाच्या जाहिराती करणाऱ्या कोलंबियासारख्या विद्यापीठांची तर त्याने टरच उडवली. विद्यापीठाने विद्या करावी, दुकान मांडू नये, असे त्याचे म्हणणे. जाहिरातबाजीबद्दल त्याचे खरेच होते. पण गावात हायस्कूल आहे आणि गणिताचा शिक्षक नाही, त्या गावाने काय करावे, याचे उत्तर फ्लेक्सनरपाशी नव्हते.

ते उत्तर हायस्कुलांतच निघाले. मिशिगन राज्यात बेंटन हार्बर नावाचे गाव आहे. तिथल्या शाळांचे प्रमुख सिडनी मिचेल यांच्यापुढे अडचण अशी की मुलांना नाना धंद्यांचे शिक्षण हवे, आणि तितके शिक्षक नेमणे तर शक्य नाही. १९२३ साली त्यांनी पत्रशाळेचे धडे मागवले, पण मुलांना घरी वाटले नाहीत. मुलांनी शाळेतच, ठरल्या तासाला, एका शिक्षकाच्या नजरेखाली ते करायचे. एकाच खोलीत एक मुलगा यंत्राचे धडे करतो आहे, दुसरा हिशेबाचे, तिसरा आणखी कशाचे. शिक्षक यांतले सगळे जाणणारा नव्हे. तशी अपेक्षाही नव्हती.

नेब्रास्का राज्याने हीच गोष्ट विद्यापीठाच्या जोरावर केली. विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येला, मक्याचा आणि गुरांचा हा मोकळा मुलूख. गावे लांब लांब, हायस्कुले चिमुकली, दोन-तीन शिक्षकांवर सारा कारभार. एखाद्याच मुलाला लॅटिन हवे, एखाद्याच मुलीला वरच्या वर्गाचे बीजगणित. तेवढ्यासाठी शिक्षक कोण देणार? १९२९ साली लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठाने हायस्कुलांसाठी टपालाने विषय द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली. शाळांचे पैसे आटले, शिक्षक कमी झाले, आणि जी सोय जादा म्हणून निघाली होती ती निकडीची झाली. पुढे कार्नेगी यांच्या निधीतून या प्रयोगाला मदतही मिळाली.

यातली कामाची वाटणी, शिक्षकहो, नीट पाहण्याजोगी आहे. धडा लिहायचा विद्यापीठाने, उत्तरे तपासायची विद्यापीठाने, निकाल द्यायचा विद्यापीठाने. आणि गावच्या शिक्षकाने? वेळापत्रकात त्या विषयाला रोजचा तास द्यायचा. मुलगा त्या तासाला बसतो ना, हे पाहायचे. अडला तर त्याला सूचना पुन्हा मोठ्याने वाचायला लावायच्या. पाने वेळेवर पोस्टात टाकायची. परीक्षा समोर बसून घ्यायची. लिंकनहून तपासून आलेला कागद मुलाच्या हाती देताना त्यावर काय लिहिले आहे ते त्याच्याबरोबर वाचायचे. अहो, लॅटिनचा गंध नसलेला शिक्षक मुलाकडून लॅटिन करून घेऊ शकतो, हे या पद्धतीने दाखवून दिले. घरी दिव्याखाली जो धडा अडत होता तो शाळेच्या खोलीत पुढे सरकू लागला. नेब्रास्का विद्यापीठाचे हे हायस्कूल टिकले. १९६७ साली राज्याने त्याला मान्यता दिली, आणि आता त्याचे धडे टपालाऐवजी इंटरनेटवरून जातात.

विस्कॉन्सिनात तोवर टपालाच्या जोडीला नभोवाणी आली होती. तिथले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक अर्ल टेरी यांच्या प्रयोगातून विद्यापीठाचे स्वतःचे केंद्र उभे राहिले. हवामान आणि बाजारभाव सांगता सांगता १९३१ साली त्यावर शाळांसाठी वर्ग सुरू झाले, आणि १९३३ साली कॉलेजचे. मंदीमुळे कॉलेजात जाऊ न शकलेल्या तरुणांसाठी ते होते. केंद्राची अडचण अशी की त्याला सूर्यास्तानंतर बोलण्याची परवानगी नव्हती, म्हणजे शेतकरी घरी येई तेव्हा विद्यापीठ मुके होई! शाळांचे वर्ग मात्र दिवसा चालत, म्हणून ते फोफावले. एडगर गॉर्डन हे संगीताचे प्राध्यापक ध्वनिक्षेपकासमोर गाणे शिकवीत, आणि राज्यातल्या एकशिक्षकी शाळांतली मुले ते उचलीत. वसंत ऋतूत ती हजारोंनी मॅडिसनला जमत आणि गॉर्डन यांच्याबरोबर गात. तेही गुरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या मंडपात. इथेही रेडिओची कळ फिरवणारा, मुलांना गप्प बसवणारा आणि कार्यक्रम संपल्यावर गाणे पुन्हा म्हणवून घेणारा शिक्षक वर्गात होताच.

मोठ्यांसाठी तसे कोण? कॅनडाने याची एक तोड काढली. १९४१ पासून तिथे शेजारपाजारचे शेतकरी एका घरी जमून शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले म्हणणे लिहून पाठवीत. या धर्तीवरच आपल्या पुणे केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात होती. आठवड्यातून दोनदा मंडळी रेडिओभोवती बसत, ऐकल्यावर चर्चा होई, चिटणीस टिपण करी, आणि गावाचे प्रश्न पुण्याला जात. या प्रयोगाचा अभ्यास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केला. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळ असलेल्या गावांत माहिती कितीतरी अधिक रुजली, असे त्यात दिसून आले.

विस्कॉन्सिनचा धागाही आपल्यापर्यंत येतो. तिथले चार्ल्स वेडमायर यांनी १९६४ पासून टपाल, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि स्थानिक मदत यांची एकत्र गुंफण करून पाहिली. १९६९ साली इंग्लंडात मुक्त विद्यापीठ निघाले, त्याच्या उभारणीत त्यांचा सल्ला उपयोगी पडला. भारतात दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम १९६२ सालीच सुरू केले होते. १९८५ साली इंदिरा गांधींच्या नावाचे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झाले, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. या विद्यापीठाने पुस्तके तर छापलीच, पण ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रेही काढली. पुस्तक नाशिकहून येते. ते घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला, अंगणवाडीच्या बाईंना, शिपाईकाकांना अडलेले समजावून सांगायला केंद्रावर एक शिक्षक असतो. त्याला तिथे संमंत्रक म्हणतात. बहुतेक वेळा तो त्याच तालुक्यातल्या एखाद्या शाळेत किंवा कॉलेजात शिकवणारा असतो.