समान वेतन व वेतनाची पारदर्शकता

समान अथवा समान स्वरूपाच्या कामाबद्दल स्त्री व पुरुष कामगारांना समान मोबदला मिळावा आणि वेतनाचे दर कामगारांना ज्ञात असावेत, यांसाठी करण्यात आलेल्या कायदेशीर तरतुदी. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९५१ मध्ये समान मोबदल्याचा क्र. १०० चा करार संमत केला; भारताने त्यास १९५८ मध्ये मान्यता दिली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये हे तत्त्व राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक म्हणून नमूद आहे. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, २६ सप्टेंबर १९७५ रोजी, त्याविषयीचा वटहुकूम निघाला व १९७६ मध्ये समान वेतन कायदा झाला.

या कायद्याची कसोटी मुंबईतील मॅकिनन मॅकेंझी कंपनीच्या खटल्यात लागली. गोपनीय लघुलेखिका म्हणून काम करणाऱ्या ऑड्री डिकॉस्टा यांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत असे. त्यांचा प्रवर्ग वेगळा असून त्यात पुरुष नाहीत, वेतनश्रेणी कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसार ठरली आहे आणि वाढीव वेतन देण्याची आपली ऐपत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९८७ रोजी ते अमान्य केले. पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहावे, किरकोळ फरकांस महत्त्व देऊ नये आणि कायद्याविरुद्धचा करार ग्राह्य धरू नये, असा निर्वाळा त्यातून मिळाला. वेतनश्रेणी करारात लेखी नमूद असल्यामुळे तुलना सुलभ झाली. जेथे मजुरी तोंडी ठरते, तेथे भेदभाव होऊनही तो सिद्ध करणे कठीण जाते.

१९७६ च्या कायद्यान्वये मालकाने नोंदवह्या ठेवावयाच्या असत व निरीक्षकास त्या तपासता येत. त्याची जागा घेणारी वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. प्रवर्गवार वेतनदर दर्शनी फलकावर लावणे व कामगारास वेतनचिठ्ठी देणे तिने बंधनकारक केले. मात्र शेती वा घरकामासाठी पाचापेक्षा अधिक माणसे न ठेवणाऱ्या मालकास या तरतुदी लागू नाहीत. त्यामुळे ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरसारख्या नगरात स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातील स्त्रीला फलकाचा आधार मिळतो. जवळच्याच इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला तो मिळत नाही. घरमालकाने निरीक्षकाच्या मागणीवरून वेतन दिल्याचा पुरावा दाखविला, की पुरते.

शिवाय फलकावरील दर प्रवर्गाचे असतात. एकाच प्रवर्गातील स्त्रियांना व पुरुषांना प्रत्यक्षात सरासरी किती मिळते, हे त्यावरून समजत नाही. यूरोपीय संघाच्या २०२३ च्या निदेशाने ही माहिती मागण्याचा हक्क कामगारास दिला आणि तदनुसार कायदे करण्यासाठी सदस्य राष्ट्रांना ७ जून २०२६ ही मुदत घालून दिली. भारतीय संहितेत असा हक्क नाही. त्यामुळे समान वेतन मागणाऱ्या स्त्रीला पुरुष सहकाऱ्याच्या वेतनाचा पुरावा बहुधा स्वतःच मिळवावा लागतो.